विश्लेषण : एकाच बंदुकीवर अमेरिकेतील दोन राज्यांचा दावा का? काय आहे ‘लाँग रायफल’ची गोष्ट?

अमेरिकेत राज्यपक्षी आणि राज्यफुलाप्रमाणेच काही राज्यांना अधिकृत ‘राज्यबंदूक’ही आहे. केंटकीने २०१३ मध्ये ‘केंटकी लाँग रायफल’ला हा मान दिला. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाने ‘पेनसिल्व्हेनिया लाँग रायफल’ला तो दिला. गंमत अशी, की ही दोन्ही नावे एकाच बंदुकीची आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षे होत असताना चित्रांत, चित्रपटांत, संग्रहालयांत आणि राजकीय सभांमध्येही ही बंदूक दिसते. जंगलात एकटा उभा असलेला, कुणावर अवलंबून नसलेला अमेरिकन माणूस आणि त्याच्या हातातली लांब रायफल, अशी तिची प्रतिमा आहे. मात्र ही बंदूक कोणी घडवली आणि कशी घडवली हे पाहिले, तर बरीच वेगळी गोष्ट समोर येते.

लाँग रायफल म्हणजे नेमके काय?

ही अठराव्या शतकातली ठासणीची बंदूक आहे. म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची आणि गजाने ठासायची. कोकणात शेतीच्या राखणीसाठी वापरल्या गेलेल्या ठासणीच्या बंदुका अनेकांनी पाहिल्या असतील. तत्त्व तेच. लाँग रायफलची नळी साधारण ४० ते ४८ इंच, म्हणजे एक मीटरहून लांब आणि बाहेरून अष्टकोनी असे. पूर्ण बंदूक जवळपास पाच फूट भरे. तिची लाकडी बैठक नळीच्या तोंडापर्यंत गेलेली असे आणि कुंदा सडपातळ, खाली झुकलेला असे.

तिचे मूळ जर्मन भाषक प्रदेशातल्या ‘येगर’ रायफलमध्ये आहे. ‘येगर’ म्हणजे शिकारी. ही बंदूक आखूड, जाड नळीची आणि मोठ्या गोळीची होती. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन भाषक कारागिरांनी ती हळूहळू लांब आणि सडपातळ केली, तिची गोळी लहान केली. हा बदल कुणा एकाचा शोध नव्हता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अनेक कार्यशाळांमध्ये, अनेक दशके तो होत राहिला.

चाप ओढल्यावर आत काय घडते?

या बंदुकीच्या ‘फ्लिंटलॉक’ यंत्रणेचा विकास सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये झाला. त्याचे श्रेय मारँ ल बूर्झ्वा या कारागिराला दिले जाते. त्याआधी तोड्याच्या बंदुका होत्या. त्यांत जळता तोडा, म्हणजे पेटती दोरी जवळ ठेवावी लागे. पावसात ती विझे आणि रात्री तिचा निखारा शत्रूला किंवा सावजाला दिसे.

फ्लिंटलॉकमध्ये दोरीची जागा चकमकीच्या दगडाने घेतली. दगडाचा धारदार तुकडा ‘घोड्या’च्या जबड्यात चामड्याच्या चिंधीसह घट्ट बसवलेला असतो. चाप ओढला की स्प्रिंगच्या जोराने घोडा पुढे येतो आणि दगड समोरच्या कडक पोलादी पट्टीवर घासला जातो. दगड स्वतः जळत नाही. तो पोलादाचे सूक्ष्म कण खरवडतो आणि घर्षणाने तापलेले हे कण हवेत पेट घेतात. त्याच धक्क्याने पोलादी पट्टी मागे उलटते आणि तिच्याखालची छोटी पितळी किंवा लोखंडी वाटी उघडी पडते. वाटीत चिमूटभर बारीक दारू असते. ती भडकते आणि नळीच्या बाजूच्या छिद्रातून ज्वाळा आत शिरून मुख्य बार उडतो. जुन्या मराठीत वाटीतल्या या दारूला ‘रंजक’ आणि छिद्राला ‘कान’ म्हणत.

कधी रंजक उडे, पण कान तुंबलेला असल्याने बार होत नसे. इंग्रजीतला ‘फ्लॅश इन द पॅन’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. आपला ‘फुसका बार’ त्याच कुळातला. ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’, म्हणजे झाडून सगळे, हाही बंदुकीच्या तीन मुख्य भागांवरून आलेला शब्दप्रयोग आहे. मराठीत तर ठिणगी पाडणाऱ्या दगडालाही ‘चकमक’ म्हणतात आणि छोट्या लढाईलाही.

नळीतल्या आट्यांनी काय साधले?

त्या काळातल्या सैन्याची मुख्य बंदूक ‘मस्कट’ होती. तिची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान ठेवत, म्हणजे ती पटकन आत जाई. पण बाहेर पडताना ती आतल्या भिंतींवर आपटत येई. त्यामुळे ८० ते १०० यार्डांच्या पुढे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे. (एक यार्ड म्हणजे साधारण ०.९१ मीटर.)

रायफलच्या नळीत मळसूत्रासारखे आटे असतात. अनेक लाँग रायफलींमध्ये असे सात आटे असत आणि साधारण ४८ इंचांत त्यांचा एक पूर्ण फेरा होई. गोळी फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे स्वतःचा अक्ष सांभाळते. त्यामुळे चांगला नेमबाज २०० यार्डांवरही लक्ष्य टिपू शके.

गोळीने आटे पकडावेत यासाठी सोपी युक्ती होती. चरबी लावलेल्या सुती वा तागाच्या कापडाच्या तुकड्यात शिशाची गोळी गुंडाळून ती गजाने खाली ढकलत. कापड आट्यांत घट्ट बसे, गोळीला फिरवे, वायू निसटू देत नसे आणि बाहेर पडताच गळून पडे.

लहान गोळीमागे काटकसरीचे गणित होते. मस्कटच्या सुमारे ०.६९ इंच व्यासाच्या गोळ्या एक पौंड शिशातून चौदाच्या आसपास निघतात. ०.४५ इंचाच्या रायफलच्या गोळ्या पन्नासहून अधिक निघतात. दुकानापासून आठवडे-महिने दूर राहणाऱ्या शिकाऱ्यासाठी हा मोठा फरक होता. शिवाय लहान गोळीला दारूही कमी लागे आणि लांब नळीमुळे पुढची-मागची माशी एकमेकींपासून दूर राहून नेम अधिक अचूक धरता येई.

ही बंदूक घडवत कोण होते?

लाँग रायफलचा जन्म सीमेवरच्या जंगलात झाला नाही. आग्नेय पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर, रीडिंग, लेबनॉन, यॉर्क यांसारखी वसलेली गावे आणि आसपासचा परिसर हे तिचे माहेर. येथे लोखंडाच्या भट्ट्या होत्या, पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या, उत्तम मेपल लाकूड होते आणि युरोपातून शिकून आलेले कारागीर होते. जेकब डिकर्ट हा लँकेस्टरचा नामांकित बंदूककार जर्मनीतल्या माइन्झचा. लहानपणी तो कुटुंबासह अमेरिकेत आला.

आणखी एक विसंगती आहे. नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग येथे मोरेव्हियन पंथाची बंदुकांची कार्यशाळा होती. मोरेव्हियन ख्रिस्ती शस्त्र हाती घेऊन युद्धात उतरण्याच्या विरोधात होते. तरीही जर्मनीतून आलेला आंद्रेआस आल्ब्रेख्ट आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला ख्रिश्चन ओर्टर यांनी तिथे घडवलेल्या रायफली आज अमेरिकी कलेचे उत्कृष्ट नमुने मानल्या जातात. ओर्टर १७७७ मध्ये, वयाच्या अवघ्या तिशीत वारला.

कार्यशाळेत मुलगा किशोरवयात उमेदवार म्हणून दाखल होई आणि काही वर्षे उस्तादाकडे राहून काम शिके. त्यातून प्रत्येक भागाची शैली तयार झाली. संगीतात जशी घराणी असतात तशीच ही बंदुकांची घराणी. कुंद्याचा उतार आणि पितळी झाकणाचा आकार पाहून जाणकार आजही बंदूक लँकेस्टरची की लेहाय खोऱ्यातली, हे सांगतात.

एक रायफल कशी तयार होई?

नळीपासून सुरुवात होई. घडीव लोखंडाची लांब पट्टी तापवून ती एका सळीभोवती गुंडाळत, कडा एकमेकींवर आणत आणि काही इंचांच्या टप्प्याने ठोकून सांधत. ताप कमी पडला तर सांधा कच्चा राही आणि जास्त झाला तर लोखंड जळे. मग लांब बरम्याने नळी आतून समान करत, सरळ करत आणि बाहेरून कानशीने आठ बाजू काढत.

आटे पाडायचे काम सर्वांत संयमाचे. लाकडी चौकटीत आधीच मळसूत्री खाचा असलेला दांडा बसवलेला असे. त्याच्या टोकाला छोटे पाते असलेला गज. दांडा ओढला की तो आपल्या खाचांप्रमाणे फिरे आणि पाते नळीत तसाच वळणदार ओरखडा काढी. एका वेळी केसभर धातू निघे. मग पात्याखाली कागदाचा कपटा सरकवून ते किंचित उचलायचे आणि पुन्हा ओढायचे. प्रत्येक आट्यासाठी हेच, पुन्हा पुन्हा.

बैठकीसाठी ‘कर्ली मेपल’ हे लाकूड निवडत. त्याचे तंतू लाटांसारखे वळलेले असल्याने त्यावर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी दिसते. हे लाकूड दिसायला देखणे, पण तासायला अवघड. तंतू क्षणात दिशा बदलतात आणि धारेला ढलपी निघते. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते द्रावण लाकडाला लावत आणि गरम लोखंडाने शेकत. त्याने पट्टे गडद तपकिरी होऊन उठून दिसत. वर जवसाच्या तेलाचा हात फिरे.

मात्र सगळे काम एकाच हातचे नसे. घोडा, स्प्रिंग, वाटी असलेली ‘लॉक’ यंत्रणा अनेकदा इंग्लंड किंवा जर्मनीतून तयार मागवत. नळ्याही काही वेळा पाणचक्कीवर चालणाऱ्या कारखान्यांतून विकत घेत. ‘स्वावलंबी’ माणसाच्या हातातली बंदूक अशी खाण, भट्टी, बंदर आणि बाजार यांच्या साखळीतून येई.

कुंद्यावर नक्षीकाम कशासाठी?

सुरुवातीच्या रायफली तुलनेने साध्या होत्या. नक्षीकामाचा खरा बहर स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८० ते १८२० च्या सुमारास आला. संग्राहक या काळाला सुवर्णयुग म्हणतात. युरोपातल्या रोकोको शैलीतल्या वळणदार वेली मेपलच्या कुंद्यावर उमटल्या. चांदीचे चंद्र, तारे, मासे, हृदय लाकडात जडवले गेले. कुंद्याच्या उजव्या बाजूला चरबी लावलेली कापडे ठेवायची पोकळी असे. तिचे बिजागरीचे पितळी झाकण ही अस्सल अमेरिकी भर. लँकेस्टरच्या कारागिरांनी त्या झाकणाच्या टोकाला डेझी फुलाचा आकार दिला.

साध्या शेतकऱ्याच्या घरात ही बहुधा सर्वांत नाजूक कारागिरीची वस्तू असे. ती हरणाचे मांस आणि कातडे मिळवून देई, गावातल्या नेमबाजीच्या स्पर्धेत प्रतिष्ठा देई आणि वारशाने पुढे जाई. अवजार आणि दागिना दोन्ही एकाच वस्तूत होते.

रायफलनेच ब्रिटिशांना हरवले का?

हे अर्धसत्य आहे. काँग्रेसने १४ जून १७७५ रोजी रायफलधारी सैनिकांच्या दहा तुकड्या उभारायला मंजुरी दिली. त्यात सहा पेनसिल्व्हेनियाच्या, तर मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या प्रत्येकी दोन होत्या. ब्रिटिश अधिकारी जॉर्ज हँगर याने नंतर एक प्रसंग नोंदवला आहे. पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्यांवर सुमारे ४०० यार्डांवरून एका अमेरिकनाने गोळी झाडली. ती दोघांच्या मधून गेली आणि मागच्या बिगुलवाल्याचा घोडा ठार झाला. साराटोगा (१७७७) आणि किंग्ज माउंटन (१७८०) येथे रायफलवाल्यांनी मोठी कामगिरी केली.

पण रायफल भरायला वेळ लागे. मस्कटमधून सराईत सैनिक मिनिटाला तीन गोळ्या झाडी, तर रायफलमधून जेमतेम एक-दोन. तिला संगीनही बसत नसे. संगिनी रोखून धावत आलेल्या रांगेपुढे रायफलवाला हतबल होई. त्यामुळे वॉशिंग्टनच्या सैन्याचा मुख्य भार मस्कटवरच राहिला.

मग ‘केंटकी’ हे नाव कुठून आले?

एका गाण्यातून. न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत ८ जानेवारी १८१५ रोजी अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेने ब्रिटिशांचा दारुण पराभव केला. ब्रिटिशांची सुमारे दोन हजारांची हानी झाली. त्यांचा सेनापती एडवर्ड पॅकेनहॅम मारला गेला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांविरुद्ध लढलेल्या आर्थर वेलस्लीचा तो मेहुणा. या विजयावर सॅम्युएल वुडवर्थने ‘द हंटर्स ऑफ केंटकी’ हे गाणे लिहिले. ते इतके गाजले, की जॅक्सनच्या १८२८ च्या अध्यक्षीय प्रचारातही वापरले गेले.

प्रत्यक्षात केंटकीहून आलेल्या अनेकांकडे बंदुकाच नव्हत्या आणि ब्रिटिशांची मोठी हानी तोफांनी केली, असे इतिहासकार सांगतात. पण गाणे राहिले आणि पेनसिल्व्हेनियाच्या कारागिरांची बंदूक ‘केंटकी रायफल’ झाली. घडवणाऱ्याचे गाव मागे पडले आणि वापरणाऱ्याचे नाव पुढे आले.

या कथेत कोण दिसत नाही?

या बंदुकीचे वापरकर्ते केवळ गोरे वसाहतवाले नव्हते. लेनापी आणि शॉनी शिकारीही तिचे जाणते ग्राहक होते. हरणाच्या कातड्यांच्या व्यापारात रायफल आणि तिची दुरुस्ती यांना मोठे मोल होते. मात्र याच बंदुकीच्या आधाराने वसाहत पश्चिमेकडे सरकली आणि त्यांच्या जमिनी गेल्या.

लँकेस्टरमध्येच याचे भीषण उदाहरण आहे. डिसेंबर १७६३ मध्ये ‘पॅक्सटन बॉइज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीने आधी कोनेस्टोगा वस्तीवर सहा मूळनिवासींना मारले. उरलेल्या चौदा जणांना लँकेस्टरमध्ये सरकारी आश्रयाला ठेवले होते. त्यात स्त्रिया आणि मुलेही होती. २७ डिसेंबरला टोळीने तेथे घुसून त्या सर्वांची हत्या केली. या प्रसंगाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन ज्याने लिहून ठेवले, तो विल्यम हेन्री लँकेस्टरचाच प्रसिद्ध बंदूककार होता. मारेकऱ्यांच्या हातांत रायफली होत्या, असे तो लिहितो.

आजच्या राजकारणाशी तिचा संबंध काय?

अमेरिकी राज्यघटनेतली शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तेव्हा बंदूक म्हणजे फ्लिंटलॉकच. मे २००० मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचे तत्कालीन अध्यक्ष, अभिनेते चार्लटन हेस्टन यांनी अधिवेशनात फ्लिंटलॉक बंदूक डोक्यावर उंचावून ती आपल्या मृत हातांतूनच काढून घ्यावी लागेल, असे बजावले. मंचावर त्यांनी आधुनिक बंदूक आणली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या ‘ब्रुएन’ निकालात बंदूक नियंत्रणाचे कायदे देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असावेत, अशी कसोटी घातली. त्यामुळे अठराव्या शतकात कोणाकडे कोणती बंदूक होती आणि तिच्यावर कोणते नियम होते, हा आता न्यायालयातला प्रश्न झाला आहे. बंदूक हक्काचे समर्थक फ्लिंटलॉककडे स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून बोट दाखवतात. विरोधकही तिच्याकडेच बोट दाखवतात, पण मिनिटाला एक-दोन गोळ्या झाडणाऱ्या शस्त्रासाठीचा नियम आजच्या रायफलींना कसा लावायचा, हे विचारण्यासाठी. विरोधाभास म्हणजे, १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि फ्लिंटलॉकच्या प्रतिकृती ‘फायरआर्म’च्या व्याख्येतच येत नाहीत. काही राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

हे हुन्नर आज जिवंत आहे का?

१८२० नंतर ठिणगीऐवजी टोपी फोडून बार उडवणाऱ्या बंदुका आल्या, नंतर कारखान्यातली काडतुसे आली आणि हातची रायफल मागे पडली. विसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या जिवंत संग्रहालयात वॉलेस गस्लर यांनी जुन्या बंदुकांचा अभ्यास करून नळी, लॉक, कुंदा असे सगळे भाग हाताने घडवण्याची पद्धत पुन्हा उभी केली. १९६९ मधल्या ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ या माहितीपटात ती सगळी प्रक्रिया पाहायला मिळते. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा खास फ्लिंटलॉक हंगाम असतो. तो १९७० च्या दशकात सुरू झाला.

अस्सल जुन्या रायफलींचे मोल ओळखणारे डोळे मात्र मोजकेच. ख्रिश्चन ओर्टरने १७७५ मध्ये घडवलेली, त्याची सही असलेली रायफल १९७१ मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली. जवळपास पाच दशके तिचा पत्ता नव्हता. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या सामानाच्या विक्रीत एका पुराणवस्तू विक्रेत्याने ती चार हजार डॉलरला घेतली. त्याला ती आधी प्रतिकृतीच वाटली होती. नीट साफ करून पाहिल्यावर ती अस्सल आणि चोरीची असल्याचे लक्षात आले आणि त्याने ती परत केली. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयात ती प्रदर्शनात मांडली गेली. तिच्या नळीवर तिशीत वारलेल्या त्या कारागिराचे नाव आणि साल आजही वाचता येते.